जर्मन गाडीतली कुई

आवाज येतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या विषयावर आमच्या गल्लीत दोन तट पडले आहेत आणि तुम्ही चुकीच्या तटात जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. आवाज गाडीच्या डॅशबोर्डच्या आतून येतो, साधारण घड्याळाच्या मागून. 'कुई' असा. 'कुई कुई' नाही. एक कुई, मग जरा दम खाऊन दुसरी. दाराबाहेर राहिलेलं मांजराचं पिल्लू करतं तशी. आता पिल्लाने कुई केली तर आपण उठून दार उघडतो. जर्मन गाडीचा डॅशबोर्ड उघडायचा तर वॉरंटीवाल्यांची मंजुरी लागते, आणि ती मिळवता मिळवता माझ्या नाकी नऊ आले.

गाडी मी चैनीसाठी घेतली नाही. लोकांना तसं वाटतं, वाटो बापडं. आमच्या तलावाकाठच्या गावात गेंझाया नावाचं पाच मजली दुकान होतं. त्याच्या चौथ्या मजल्यावर ग्राहक कक्षात मी उभी हयात काढली. 'ग्राहक कक्ष' हे पाटीवरचं नाव. प्रत्यक्षात ती तक्रारींची खिडकी. छत्री गळते, बूट चावतो, नवऱ्यासाठी नेलेला टाय नवऱ्याला आवडला नाही, असलं काहीबाही घेऊन लोक यायचे, ओरडायचे, आणि मी कमरेत वाकून माफी मागायचो. नम्रपणा घटकाभर बाजूला ठेवून सांगतो, मी उत्तम माफी मागायचो. दुसऱ्या गावच्या दुकानांतली माणसं खास माझं वाकणं बघायला यायची. दुकान कायमचं बंद झालं त्या दिवशी, बंद का करता अशी तक्रार घेऊन काही बायका आल्या, तर त्यांचीही माफी मीच मागितली. अशा माणसाला निवृत्तीनंतर काय वाटेल, तुम्हीच सांगा. एकदा, फक्त एकदाच, खिडकीच्या पलीकडे उभं राहावं. आपण बोलावं आणि समोरच्याने वाकावं. त्यासाठी वस्तू भारीतलीच घ्यावी लागते. छत्रीसाठी कुणी मनापासून वाकत नाही, हे मला आतून ठाऊक होतं.

शिवाय तेरुकोताईचा प्रश्न होता. तेरुको ही माझ्या बायकोची, मित्सुएची, थोरली बहीण. ओसाकाला असते. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिने माझ्यादेखत मित्सुएला सांगितलं होतं, की या माणसाच्या पाठीत कणा नाही, बिजागरी आहे. हे वाक्य तिचं तिलाच इतकं आवडलं, की दर नव्या वर्षाला फोन करून ती 'बिजागरीला तेल घालतेस ना गं?' असं विचारते. मित्सुए हसते. मी फोनपासून दूर बसून वर्तमानपत्र वाचतो. यंदा खेकड्यांच्या हंगामात ताई स्वतः यायची होती. मी मनाशी पक्कं केलं: ताईला जर्मन गाडीत मागे ऐसपैस बसवायचं, एशिमाच्या उंच पुलावरून साकाइमिनातोला न्यायचं, बंदरावर खेकडा खिलवायचा, आणि अख्ख्या रस्त्यात टोचून बोलायला तिला तसूभर जागा ठेवायची नाही. आता अशा गाडीत कुई चालेल का?

गाडी वापरलेली होती, पण वापरणारा दंतवैद्य होता, त्यामुळे आतून लखलखीत. चाक डावीकडे. आमच्याकडे साऱ्या गाड्यांना चाक उजवीकडे असतं, पण परदेशी गाडी परदेशी वाटायची तर तिचं चाक डावीकडेच हवं, अशी आमच्या पिढीची समजूत आहे. ही समजूत मला पार्किंगच्या फाटकाशी भोवते. चिठ्ठीचं यंत्र उजवीकडे, मी डावीकडे. मित्सुए बरोबर असली की ती खिडकीतून हात काढून चिठ्ठी घेते. ती नसली की मी उतरतो, गाडीला वळसा घालतो, चिठ्ठी ओढतो, पुन्हा वळसा घालून आत बसतो, तोवर फाटक उघडून मिटलेलं असतं. मग मी मागच्या गाड्यांची माफी मागतो. म्हणजे बघा, गाडी घेऊनही माफी सुटली नाहीच.

कुई सुरू झाली ती मे महिन्यात, आमच्या गल्लीच्या चढावर. पहिल्या दिवशी मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी मित्सुएला बसवून नेलं, तिने ऐकली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या फुकुमासानांना बसवलं. फुकुमासानांनी आयुष्यभर तलावात होडीवरून शिंपले काढले. इंजिनाच्या धडधडीने त्यांचे कान केव्हाच गेलेत. त्यांनी मन लावून ऐकलं आणि गाडीत काहीही आवाज नाही असा निकाल गल्लीभर जाहीर केला. आमच्या वस्ती-मंडळाच्या अध्यक्षा कादोवाकीबाई, त्यांनी तर गाडीत न बसताच सांगितलं, की साठीनंतर पुरुषांना असे आवाज येतात, त्यांच्या यजमानांनाही यायचे. देवळात नेऊन गाडीवर मंत्र म्हणून घ्या, असा सल्ला त्यांनी दिला. गाडीवर की माझ्यावर, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. इथून गल्लीत दोन तट पडले. एका तटात मी आणि मित्सुए, दुसऱ्यात उरलेली गल्ली.

मी गाडी घेऊन शोरूममध्ये गेलो. गावाबाहेर हमरस्त्यावर काचेचा महाल आहे. दारात सगळी मंडळी ओळीने वाकली. मला अगदी भरून आलं. सर्व्हिस विभागाचे प्रमुख नागामीसान पुढे आले. पन्नाशीचे, राखाडी सूट, साधा टाय, केस चापून बसवलेले. मी तक्रार सांगितली. त्यांनी मान किंचित तिरपी करून दातांमधून हवा आत ओढली. ही हवा ओढणं म्हणजे साधं काम नाही. जास्त ओढली तर ग्राहकाला वाटतं आपली वस्तू हातची गेली, कमी ओढली तर वाटतं याला काही पडलेली नाही. नव्या लोकांना मी ती शिकवायचो आणि निम्म्यांना कधीच जमली नाही. नागामीसानांची अगदी मापात होती. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली, की हा गडी आपल्याच धंद्यातला आहे.

ते माझ्या शेजारी बसले, आम्ही हमरस्त्यावरून फिरून आलो. गाडी गप्प. तापाने फणफणलेलं पोर दवाखान्याच्या पायरीवर येताच हसायला-खेळायला लागतं ना, तशी. मीच तोंडाने कुई करून दाखवली. नागामीसानांनी ती टिपून घेतली आणि 'किंचित वरच्या सुरात का?' असं विचारलं. मी दुसऱ्यांदा करून दाखवली. शोरूममधली दोन माणसं वळून बघायला लागली, तेव्हा मी थांबलो. ते उतरले, सगळे पुन्हा ओळीने वाकले, गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकलेले राहिले, आणि पहिल्याच सिग्नलला गाडी म्हणाली, 'कुई.'

जूनमध्ये गाडी ठेवून घेतली आणि मला वापरायला दुसरी दिली. ती नवीकोरी, माझ्या गाडीपेक्षा मोठी, चाक उजवीकडे. सवयीने मी डावीकडून आत शिरायचो आणि समोर चाक नाही हे बघून पुन्हा उतरायचो. एकदा मी तसाच बसून राहिलो आणि मित्सुए उजवीकडे येऊन बसली. दोघं घराच्या दारात बराच वेळ निमूट बसलो होतो. मित्सुएला गाडी चालवता येत नाही. कादोवाकीबाईंनी खिडकीतून हे पाहिलं आणि गल्लीत आमच्याबद्दल काळजीचं वातावरण पसरलं.

जुलैत माझी गाडी कुईसकट परत आली आणि डॅशबोर्डच्या आतला एक भाग बदलायचं ठरलं. भाग आला तो उजव्या चाकाच्या गाडीचा. जर्मनीत सगळ्याच गाड्यांना चाक डावीकडे, तेव्हा भाग तिथे ढीगभर. पण तो यायचा तोक्योच्या गोदामातून, आणि गोदामवाल्यांनी इथल्या ग्राहकांच्या सोयीसाठी फक्त उजव्या चाकाचे भाग भरून ठेवलेले. डावीकडचा हवा असेल तर खास मागणी. खास मागणीला कारण हवं. कारण म्हणून आवाज दाखवायला हवा. आणि आवाज तर सर्व्हिस सेंटरच्या कुठल्याही यंत्रात उमटला नव्हता. नागामीसानांनी फोनवर हे सगळं इतक्या हळुवारपणे समजावलं, की शेवटी मीच म्हणालो, तुम्हाला फार त्रास झाला, माफ करा. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. मित्सुए भाजी चिरता चिरता म्हणाली, की आज तुम्ही छान ओरडलात हो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास नागामीसान घरी आले. कापडात बांधलेला खोका घेऊन. दारात उभ्या उभ्या पंचेचाळीस अंशांत वाकले. आता माफीच्या मिठाईचं एक शास्त्र असतं. हलकीफुलकी, रंगीबेरंगी मिठाई नेली तर समोरच्याला वाटतं हा सणाला आलाय. मिठाई वजनदार हवी, म्हणजे खोका हातात घेताना अपराधाचं वजन कळतं. नागामीसानांनी योकान आणलं होतं, लाल चवळीच्या गोड गराची घट्ट लादी, गडद कागदात, साध्या दोऱ्याने बांधलेली. मीही नेहमी योकानच न्यायचो. खोका हातात घेताना मला त्यांचं कौतुक वाटलं आणि लगेच स्वतःचा राग आला.

खरी पंचाईत पुढे होती. तीन वाजता आमच्या गावात घरोघरी हिरवा चहा घुसळला जात असतो. दारात आलेल्याला, मग तो टपालवाला का असेना, चहा दिल्याशिवाय कुणी सोडत नाही. पण माफी मागायला आलेल्याला चहा द्यायचा का, यावर माझं आणि मित्सुएचं स्वयंपाकघरात कुजबुजत भांडण झालं. चहा दिला तर माफी मान्य केल्यासारखं होतं, असं माझं म्हणणं. न दिला तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं तिचं. चहा दिला. चहाबरोबर गोड हवं म्हणून त्यांचंच योकान कापून दिलं. नागामीसानांनी वाडगा दोन्ही हातांत धरून असा काही घोट घेतला, की मित्सुए खूश. तेवढ्यात कुंपणापलीकडून फुकुमासानांनी हाक मारली, त्यांनाही बोलावलं. मग कादोवाकीबाई मंडळाची वर्गणी मागण्याच्या निमित्ताने आल्या. सगळ्यांनी योकान खाल्लं आणि गाडीचा विषय निघालाच नाही. निघताना नागामीसान पुन्हा वाकले आणि मीही वाकलो. त्यांच्यापेक्षा थोडा जास्तच.

इथून प्रकरण हाताबाहेर गेलं. फुकट कुणाची मिठाई खायची नाही, काही तरी परत द्यायचं, ही मित्सुएच्या माहेरची शिस्त. तिने फुकुमासानांकडून ताजे शिंपले घेऊन शोरूमला पाठवले. शिंपल्यांचे आभार मानायला नागामीसान आले, येताना भाताच्या पिठाची वडी घेऊन. वडीच्या बदल्यात मित्सुएने घरचं मुळ्याचं लोणचं दिलं. लोणच्यासाठी ते पुन्हा आले. मध्येच एकदा गाडीची आठवण झाली आणि तिच्यासाठी माफी मागायला वेगळे आले, कारण आभार आणि माफी एकाच खोक्यात उरकणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही. फुकुमासान आता रोज सकाळी कुंपणावरून विचारायचे, 'काय, आज झाली का कुई?' झाली म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. गंमत म्हणजे ते अजूनही दुसऱ्याच तटात होते. आवाज नाहीच, पण नागामीसानांना कळवून ठेवा, असं त्यांचं मत.

पानगळ सुरू झाली. ताईची तारीख ठरली होती. भाग आलाच तर नव्या वर्षात. मी फुकुमासानांजवळ मन मोकळं केलं, की चहापाणी ठीक आहे, पण आवाज घेऊन मी त्या बाईसमोर गाडी नेऊ कशी? फुकुमासान म्हणाले, परदेशी गाड्यांची माणसं ओरडल्याशिवाय ऐकत नाहीत, तुम्ही ओरडत नाही हाच घोळ आहे. मला तलावाकाठी नेऊन ते स्वतः नागामीसान झाले आणि मला ओरडायला लावलं. मी छाती भरून श्वास घेतला आणि तोंडातून निघालं, की एवढ्या घाईत असताना आपल्याला त्रास देतोय खरा, पण आपल्याला जमत असेल तर हे चालणार नाही. फुकुमासानांनी कपाळाला हात लावला. हात उगारून बघा म्हणाले. मी हात उगारला तर तो आपोआप खाली येऊन मांडीशी चिकटला आणि कंबर वाकली. तलावात होडीवर बसलेल्या एका माणसाने उलटून वाकून मला प्रतिनमस्कार केला. शेवटी फुकुमासानांनी हात टेकले. तुम्ही जन्मात ओरडणार नाही, म्हणाले, आणि मला वाईट वाटलं म्हणून घरी नेऊन दोन पेले पाजले.

तेरुकोताई आली. सत्तरीला टेकलेली, पण स्टेशनच्या जिन्यावरून अशी उतरली जणू जिना तिच्या बापाचा. गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून पाहिलं, मागच्या सीटवर बसून दोनदा उडी मारली. 'बरी आहे,' म्हणाली. ओसाकात याला फार मोठी पावती म्हणतात. मित्सुए पुढे बसली आणि आम्ही साकाइमिनातोकडे निघालो. पहिली दहा मिनिटं गाडी लोण्यासारखी. ताई चक्क बाहेर बघत गप्प बसली. माझी पाठ आपोआप ताठ झाली. मग हमरस्त्याला लागण्याआधीच्या चढावर घड्याळाच्या मागून पिल्लू म्हणालं, 'कुई.'

'मित्सुए, गाडीत कोण रडतंय?' ताईने विचारलं.

मी सगळी हकिगत सांगितली. सांगावीच लागली, ती खोदून खोदून विचारत होती. मे महिन्यापासून आवाज आहे, पण त्यांच्या यंत्रात तो उमटत नाही, म्हणून त्यांच्या मते आवाज नाही. ताईचा चेहरा मला आरशात दिसत होता. तो हळूहळू तापत गेला. मला वाटलं आता बिजागरी निघणार. पण ती म्हणाली, 'नाही म्हणतात? मला ऐकू आला, मित्सुएला आला, आणि ते नाही म्हणतात? वळवा गाडी.' मी म्हटलं, ताई, खेकडा गार होईल. ती म्हणाली, खेकडा गारच असतो, वळवा.

शोरूममध्ये सगळे ओळीने वाकले, तर ताई त्यांच्याकडे न बघता थेट सर्व्हिसच्या टेबलाशी गेली. नागामीसान धावत आले. त्यानंतर जे झालं त्याला ओरडणं म्हणायचं की काय, हे मला ठरवता येत नाही. मी आयुष्यभर ओरडून घेतलं आहे, पण असं नाही. तिने आवाज चढवलाच नाही सुरुवातीला. आधी नागामीसानांना त्यांच्या आईची तब्येत विचारली. मग म्हणाली, आईला दिसतं-ऐकू येतं ना नीट, की तिथेही यंत्र लावून बघता? मग सूर चढला. मे महिन्यापासून भल्या माणसाला खेळवताय, गोड खाऊ घालून तोंड बंद करताय, आम्ही काय खोटं बोलतो, या वयात गाडीत बसून कुई कुई करायची आम्हाला हौस आहे? नव्या गाड्या बघायला आलेलं एक जोडपं हळूच निघून गेलं. नागामीसान ऐकत होते. मधे एक शब्द नाही, नजर तिच्या हनुवटीच्या जरा खाली, हात पँटच्या शिवणीला. अगदी पाठ्यपुस्तकात घालावं असं. आणि तिचा श्वास संपला त्या नेमक्या क्षणी ते वाकले.

त्यांच्या शेजारी, त्याच क्षणी, त्याच अंशात, मीही वाकलो.

कसा ते मला विचारू नका. मी टेबलाच्या अलीकडे होतो, ताईच्या बाजूला. पलीकडे कधी गेलो हे मला कळलंच नाही. मान खाली गेल्यावर शेजारी राखाडी सूट दिसला, आमच्या दोघांच्या बुटांची टोकं एका ओळीत दिसली, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कानशिलं तापली. आयुष्यात एकदा खिडकीच्या पलीकडे उभं राहायला गाडी घेतली, आणि तिच्याच तक्रारीला मी माफी मागत होतो. वर बघायची हिंमत होईना. नागामीसानही वर होईनात, कारण मी वाकलेला असताना ते कसे वर होणार? आम्ही दोघं तसेच राहिलो.

'बघ,' ताई मित्सुएला म्हणाली. 'बघितलंस ना? मी लग्नाच्या आधीच सांगितलं होतं.'

मित्सुए तिकडे सोफ्यावर शोरूमची कॉफी पीत बसली होती. ती उठून आली. म्हणाली, 'ताई, तो निळा किमोनो आठवतो तुला?'

आमची ओळख कशी झाली हे सांगायचं राहिलंच. एके दिवशी तेरुकोताईने गेंझायाच्या चौथ्या मजल्यावर येऊन एक निळा उन्हाळी किमोनो माझ्या खिडकीवर आपटला होता. पहिल्याच धुण्यात रंग गेला, घरातले सगळे पांढरे कपडे निळे झाले, असं म्हणून ती मजला डोक्यावर घेत होती. तिच्या मागे धाकटी बहीण मान खाली घालून उभी. मी माफी मागितली. मग योकान घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि तिथे मागितली. नवा किमोनो पोचवायला गेलो तेव्हा आणखी एकदा मागितली. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

'तो आपणच गरम पाण्यात भिजवला होता,' मित्सुए म्हणाली. 'त्याच्यावर थंड पाणी असं ठळक लिहिलं होतं. तुलाही माहीत होतं, मलाही. आणि ह्यांनी आपल्यासाठी तीनदा मान खाली घातली. मी इतकी वर्षं गप्प बसले, आता तू बस.'

ताईचा चेहरा पडला. मी तिला कधी अशी पाहिली नव्हती. ती बॅगेचा पट्टा चाचपत म्हणाली, 'त्याला आता काय. ह्यांना तरी कुठे माहीत होतं?'

मी अजून वाकलेलाच होतो. तसाच, फरशीकडे बघत म्हणालो, 'माहीत होतं, ताई. कापड आटलं होतं. थंड पाण्यात आटत नाही.'

नागामीसानांनी मान किंचित वळवून माझ्याकडे खालूनच पाहिलं. ताईने बॅगेचा पट्टा सोडला. मग विचारलं, 'मग माफी कशाला मागितलीत?'

'तुमच्या घरी यायला काही कारण हवं होतं,' मी म्हणालो.

हे मित्सुएलाही माहीत नव्हतं. सांगायची वेळच कधी आली नव्हती. मी वर झालो तेव्हा ती कॉफीच्या रिकाम्या कपातून घोट घेत होती आणि तिचे कान लाल झाले होते. माझेही झाले असणार. या वयात, काचेच्या महालात, भर दुपारी, परक्या माणसांसमोर. पण खरं सांगतो, मला लाज वाटली ती फार गोड होती.

ताईने घसा खाकरला. मग ती नागामीसानांकडे वळली आणि म्हणाली, 'तुम्ही. उभे काय राहिलात? कोट घाला आणि गाडीत बसा.' कामाची वेळ आहे, असं काहीसं ते पुटपुटले. हेच काम आहे, असं ताई म्हणाली आणि त्यांना मागच्या सीटवर आपल्या शेजारी बसवून तिने स्वतः दार लावलं. सगळी मंडळी पुन्हा ओळीने वाकली. आपल्या साहेबांना घेऊन चाललेल्या गाडीपुढे किती अंश वाकायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. प्रत्येकजण वेगवेगळा वाकला.

एशिमाचा पूल तुम्हाला दुरून भिंतीसारखा दिसतो. गाडी आभाळात चढते आणि खालून जहाज जातं. सबंध रस्ताभर पिल्लू गप्प होतं. ताईने ऐकली, मित्सुएने ऐकली, पण नागामीसान बसले की ही गाडी गप्प होते हे मला मे महिन्यापासून ठाऊक. पुलाचा चढ सुरू झाला. नागामीसानांनी डोळे मिटून घेतले. अर्ध्या चढावर घड्याळाच्या मागून आलं, 'कुई.' मग जरा दम खाऊन, 'कुई.'

नागामीसानांनी डोळे उघडले. 'कागेयामासान,' ते मला म्हणाले, 'आवाज येतो.'

मला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. मी इतके महिने समजत होतो की मला गाडी दुरुस्त करून हवी आहे, किंवा कुणाला तरी वाकलेलं बघायचं आहे. तसं काही नव्हतं. कुणी तरी हे दोन शब्द म्हणायला हवे होते. मित्सुएने शेजारून काही न बोलता रुमाल पुढे केला. मागे नागामीसान पट्टा बांधलेल्या अवस्थेत वाकायची धडपड करत होते.

'अहो, वाकू नका, जागा नाहीये,' ताई त्यांना म्हणाली. 'आणि लक्षात ठेवा, आमचे मेहुणे उगाच काही म्हणत नसतात.'

आमचे, म्हणाली. मी आरशात पाहिलं तर ती मुद्दाम खिडकीबाहेर समुद्राकडे बघत होती.

पूल उतरल्यावर बंदर समोर दिसत होतं, खेकडे उकळायच्या मोठ्या पातेल्यांची वाफही. ताईने गाडी वळवायला लावली. एकदा ऐकून माणसाला वाटतं भास झाला, म्हणाली. नागामीसानांना पुन्हा नीट ऐकू दे. मी निमूट वळलो आणि उलट्या दिशेने पूल चढायला लागलो. आता नाही झाली तर, या विचाराने माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. अर्धा चढ गेला, माथा आला, आणि माथ्यावर झाली.

'ऐकलंत?' ताईने विचारलं.

मी, मित्सुए आणि नागामीसान, आम्ही तिघंही एकदम म्हणालो, 'ऐकलं.'